लाकडातल्या गाठी आणि रानफुलांचा गुच्छ

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांत त्या दिवशी हातात दिवा घेऊन शपथ घेतली जाते. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री हे त्यांचे चित्र शाळेच्या पुस्तकापासून सर्वांच्या ओळखीचे आहे. मात्र याच बाईंच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातला फार मोठा काळ रुग्णाच्या उशाशी नव्हे, तर स्वतः रुग्ण म्हणून अंथरुणात गेला, हे फारसे सांगितले जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खिडकीबाहेरचे झाड, कुंडीतले फूल किंवा पिंजऱ्यातला पक्षी यांचा काय उपयोग होतो, हे त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले. आज ज्याला निसर्गोपयोगी पुनर्वसन किंवा बागकाम-उपचार म्हटले जाते, त्यातल्या कितीतरी गोष्टींची बीजे त्या नोंदींत सापडतात.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. जन्मगावावरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. घर सधन होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधले ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधले एम्बली पार्क अशी दोन घरे होती. दोन्हींभोवती बागा, कुरणे आणि झाडी होती. वडिलांनी मुलींना भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असे त्या काळी मुलग्यांना शिकवले जाणारे विषय शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. आजारी शेजाऱ्यांची विचारपूस करणे आणि प्राण्यांची काळजी घेणे हाही तिचा लहानपणापासूनचा छंद होता. एका धनगराच्या दुखावलेल्या कुत्र्याचा पाय तिने शेकून बरा केला, ही गोष्ट तिच्या चरित्रांत हमखास सांगितली जाते.

रुग्णसेवा हेच आपले काम, असे तिने ठरवले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडमध्ये नर्सचे काम प्रतिष्ठित घरातल्या मुलीचे मानले जात नव्हते. घरच्यांचा विरोध मोडून काढायला तिला कित्येक वर्षे लागली. १८५० मध्ये ग्रीसच्या प्रवासात, अथेन्समधल्या पार्थेनॉनजवळ, मुलांच्या तावडीत सापडलेले घुबडाचे एक पिल्लू तिने सोडवले. त्याचे नाव ठेवले अथीना. हे घुबड तिच्या खिशात बसून सगळीकडे फिरत असे. त्याच प्रवासाच्या शेवटी तिने जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथील संस्थेला भेट दिली आणि पुढच्या वर्षी तिथेच रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी तिच्याकडे आली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. तिकडे निघण्याच्या धामधुमीतच अथीना मेली. कर्तव्यकठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्लॉरेन्स तेव्हा रडल्या. पेंढा भरून जपलेले ते घुबड आज लंडनमधल्या त्यांच्या संग्रहालयात आहे.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि टायफस यांनी अधिक सैनिक मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, हवा कोंदलेली होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरात ४२ पर्यंत गेले. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करवली, वायुवीजन सुधारले आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले. माणूस औषधाने बरा होतो की नाही याआधी तो कशा जागेत पडून आहे हे पाहावे लागते, हा धडा त्यांनी याच आकड्यांतून घेतला.

दुसरा धडा त्यांना स्वतःच्या शरीराने दिला. मे १८५५ मध्ये त्या क्रिमियातल्या बालाक्लावा येथील रुग्णालये पाहायला गेल्या. पस्तिसावा वाढदिवस नुकताच येऊन गेला होता किंवा येऊ घातला होता, अशा सुमारास त्यांना जबरदस्त ताप भरला. सैनिकांनी त्यांना स्ट्रेचरवरून डोंगरावरच्या रुग्णालयात नेले आणि एका लाकडी झोपडीत ठेवले. डोक्यावरचे केस कापावे लागले. कित्येक दिवस त्या मृत्यूच्या दारात होत्या.

तापात पडलेल्या माणसाला झोपडीतून बाहेरचे काहीच दिसत नसेल तर काय होते, हे त्यांनी नंतर लिहून ठेवले. उठता येत नाही, खिडकीतून पाहता येत नाही. नजरेसमोर फक्त फळ्या आणि त्या फळ्यांतल्या लाकडाच्या गाठी. त्या गाठींकडे तासन्‌तास पाहत राहणे ही रुग्णासाठी तीव्र यातना असते, असे त्यांचे निरीक्षण होते. हे त्यांनी इतरांत पाहिले होते आणि स्वतः सोसलेही होते. तसेच तापातल्या रुग्णाला भडक रंगांच्या फुलांचा गुच्छ दिसला की त्याला किती हर्ष होतो, हेही त्यांनी नोंदवले. त्यांच्या स्वतःच्या आजारपणात कोणीतरी रानफुलांचा गुच्छ पाठवला होता. त्या क्षणापासून आपली तब्येत वेगाने सुधारू लागली, असे त्यांना आठवत होते. फुलांमुळेच ताप उतरला असे यातून सिद्ध होत नाही. पण आकडेमोड हाच जिचा स्वभाव होता अशा स्त्रीला ही गोष्ट नोंदवण्याइतकी महत्त्वाची वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८५६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या त्या राष्ट्राच्या लाडक्या होऊन, पण खंगलेल्या शरीराने. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्या कोसळल्या. त्यानंतर छातीत धडधड, श्वास लागणे, प्रचंड थकवा, अन्नावरची वासना उडणे, पाठीच्या कण्यात असह्य वेदना असे त्रास पुन्हा पुन्हा उफाळून येत राहिले. १८६१ च्या अखेरीस आलेल्या दुखण्यानंतर तर काही वर्षे त्यांना चालताही येत नव्हते; एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे. पुढे दीर्घकाळ त्यांच्या आजाराला ढोंग किंवा मनाचे खेळ म्हणणारेही निघाले. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात मात्र वेगळे निदान सुचवले गेले. क्रिमियातला तो ताप बहुधा ब्रुसेलोसिस असावा आणि तोच पुढे जुनाट होऊन राहिला असावा, असे त्यात मांडले होते. न उकळलेल्या दुधातून माणसात येणारा हा जिवाणूजन्य आजार. वारंवार ताप, सांधे आणि कणा दुखणे, थकवा, खिन्नता ही त्याची लक्षणे. त्याचा जिवाणू सापडला १८८७ मध्ये, म्हणजे नाइटिंगेल यांच्या आजारानंतर तीन दशकांनी. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांच्या हाती ना निदान होते ना उपचार. त्यांच्यापुढे होती ती फक्त एक खोली.

याच दिवसांत, १८५९ च्या अखेरीस, त्यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक आले. ते रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी नव्हते. घरात कोणाचे ना कोणाचे आजारपण काढणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी ते लिहिले होते. हवा, उजेड, स्वच्छता, आहार, आवाज यांबरोबरच त्यात एक प्रकरण बदलासाठी, वैविध्यासाठी होते. त्याच त्या भिंती, तेच छत, तेच दृश्य यांनी दीर्घकाळच्या रुग्णाचे मन कसे पोखरते, हे त्यात सांगितले आहे. धडधाकट माणसे रुग्णाला मन रमवायला सांगतात. पण मोडलेला पाय जसा रुग्णाला आपणहून हलवता येत नाही, तसेच एकाच विचारात अडकलेले मनही बाहेरून मदत मिळाल्याशिवाय हलवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आकार, रंग आणि प्रकाश यांचा परिणाम केवळ मनावर होत नाही, शरीरावरही होतो; तो कसा होतो हे कळत नसले तरी होतो हे नक्की, असे त्यांचे ठाम मत होते.

उजेडाबद्दलचे त्यांचे निरीक्षण तर कोणालाही पडताळून पाहता येईल असे आहे. रुग्णालयाच्या वॉर्डातून फिरावे आणि रुग्णांचे चेहरे कुठे वळले आहेत ते पाहावे. रोपटे जसे उजेडाकडे झुकते, तसे जवळजवळ सगळे खिडकीकडे तोंड करून पडलेले दिसतात. दुखऱ्या कुशीवर झोपणे त्रासाचे असूनही काही जण त्याच कुशीवर असतात, कारण खिडकी त्या बाजूला असते. का, असे विचारले तर त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

आजाऱ्याच्या खोलीत झाडे ठेवू नयेत, ती रात्री विषारी वायू सोडतात, हा समज तेव्हाही होता आणि आपल्याकडे आजही आहे. नाइटिंगेल यांनी तो मोडीत काढला. झाडे रात्री श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरे, पण दोन-चार कुंड्यांचा हा वायू खोलीत झोपलेल्या एका माणसाच्या उच्छ्वासापुढे नगण्य असतो. फुलदाणीतले पाणी मात्र कुजू देऊ नये. आज अतिदक्षता विभागात फुले नेऊ दिली जात नाहीत, त्यामागे झाडांचा श्वास नसून फुलदाणीच्या पाण्यात आणि मातीत वाढणाऱ्या जंतूंची भीती आहे.

वर्षानुवर्षे एका खोलीत अडकलेल्या माणसाला छोटासा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत असते, असे सांगताना त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे उदाहरण दिले. त्यातली पुढची सूचना आजच्या उपचारपद्धतीच्या गाभ्याला हात घालणारी आहे. रुग्णाला त्या प्राण्याला स्वतः खाऊ घालता येत असेल, त्याची जागा साफ करता येत असेल, तर ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नये. उलट त्याला तसे करायला मदत करावी. हाताला थोडे काम मिळणे, मग ते शिवणकाम असो की लिहिणे, रुग्णासाठी मोठा दिलासा असतो, हेही त्यांनी सांगितले. दिवसभर दुसऱ्याकडून सेवा घेत असलेल्या माणसाला कोणाची तरी सेवा करता यावी, कोणीतरी आपल्यावर अवलंबून असावे, ही गरज त्यांनी ओळखली होती. बागकाम-उपचारात अपंग व्यक्तीच्या हाती रोप दिले जाते ते याच कारणाने.

हे विचार पुस्तकात राहिले नाहीत. रुग्णालयांच्या बांधणीसाठी त्यांनी लांब, सुट्या दालनांचा आग्रह धरला. दोन्ही बाजूंना आमनेसामने उंच खिडक्या, दोन खाटांमागे निदान एक खिडकी, दालनांच्या मधे मोकळी जागा. वुलिच येथे १८६५ मध्ये उघडलेले हर्बर्ट लष्करी रुग्णालय आणि १८७१ मध्ये थेम्सच्या काठावर उभी राहिलेली सेंट थॉमस रुग्णालयाची नवी इमारत या धर्तीवर बांधली गेली. या आग्रहामागचे सगळेच विज्ञान बरोबर नव्हते. रोग दूषित हवेने पसरतात असे त्या मानत आणि जंतूंचा सिद्धान्त त्यांनी फार उशिरापर्यंत स्वीकारला नाही. तरीही उजेड, खेळती हवा आणि खाटेवरून दिसणारे आकाश यांचा फायदा रुग्णांना मिळालाच.

त्या स्वतः मात्र खोलीतच होत्या. तिथूनच त्यांनी भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी चालवली. भारतातल्या छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या, आलेल्या उत्तरांच्या गठ्ठ्यांतून आकडे काढले. १८६३ च्या आयोगाच्या अहवालात दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरतात हे भयंकर वास्तव समोर आले. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर पुढे त्यांचे स्नेही आणि या कामातले सहकारी झाले. ज्या देशातल्या पाण्याची, गटारांची, दुष्काळाची चिंता त्यांनी अनेक दशके वाहिली, त्या भारतात त्यांना कधीच पाऊल ठेवता आले नाही.

१८६५ पासून अखेरपर्यंत त्या लंडनच्या मेफेअर भागातल्या साउथ स्ट्रीटवरील घरात राहिल्या. मागच्या खिडक्यांतून डॉर्चेस्टर हाउसच्या बागेतली झाडे दिसत. खोलीत उजेड भरपूर होता. मांजरे तर आयुष्यभर त्यांच्या सोबतीला होती. त्यांतला बिस्मार्क नावाचा पर्शियन बोका विशेष लाडका होता. लिव्हरपूलमध्ये घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची योजना सुरू करणारे विल्यम रॅथबोन यांनी त्यांना फुलझाडांची एक मांडणी भेट दिली होती. त्यातली झाडे कोमेजण्याआधी नवी येत राहतील अशी व्यवस्थाही त्यांनी करून ठेवली आणि १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालू ठेवली. आपल्या पुस्तकात दुसऱ्यांच्या रुग्णांसाठी जे मागितले होते, ते नाइटिंगेल यांना एका मित्राने असे न मागता दिले.

उतारवयात वेदना बऱ्याच कमी झाल्या, पण दृष्टी गेली. १९०१ च्या सुमारास त्यांना जवळजवळ काहीच दिसेनासे झाले. पुढे स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, तेव्हा त्याचे भान त्यांना फारसे उरले नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी दाखवली गेली होती. पण त्यांच्या इच्छेला मान देऊन कुटुंबीयांनी त्यांना बालपणीच्या एम्बलीजवळ, ईस्ट वेलो गावच्या छोट्या चर्चच्या आवारात विसावा दिला.

त्यांच्या निरीक्षणाची चाचणी घ्यायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग अशा बाबी जुळवून २३ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयीचे नकारात्मक शेरेही कमी होते. हा अभ्यास छोटा आणि एकाच रुग्णालयातला होता. झाड पाहून आजार बरा होतो असे तो सांगत नाही. पण लाकडातल्या गाठी आणि रानफुले यांतला फरक मोजता येतो, हे त्याने दाखवले. त्यानंतर रुग्णालयांच्या आराखड्यात बागेचा विचार नव्याने होऊ लागला.

आपल्या घरांत पक्षाघात झालेले आजोबा, कण्याला इजा झालेला तरुण किंवा संधिवाताने जखडलेल्या आजी बहुतेक वेळा आतल्या खोलीत असतात. वर्दळीचा त्रास होऊ नये, पाहुण्यांना अवघडल्यासारखे होऊ नये, अशी त्यामागची भावना असते. परिणामी त्यांच्या नजरेसमोर भिंत आणि पंखा एवढेच उरते. पलंग खिडकीजवळ सरकवायला पैसे लागत नाहीत. मात्र उशीवर डोके ठेवून स्वतः एकदा पाहावे. उभ्या माणसाला दिसणारे झाड पडलेल्या माणसाला दिसतेच असे नाही. चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल अशा उंचीवर कुंड्या ठेवता येतात. पकड कमी असेल तर खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करता येते. दृष्टी नसलेल्यांसाठी तुळस, गवती चहा, मोगरा अशी वासाने ओळखता येणारी झाडे आहेत. हातापायांची संवेदना कमी असेल तर हातमोजे आणि चपला घालूनच मातीत काम करावे, उन्हाच्या वेळा टाळाव्यात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि आजारी माणसाला कुंडीला पाणी घालता येत असेल, तर ते घाईघाईत दुसऱ्याने घालून टाकू नये. थोडे सांडेल, वेळ लागेल. पण दिवसातली तेवढी एक गोष्ट त्याने केलेली असेल.